हिरवं टोक

"ताई, चपला राहू द्या, तशाच या आत!"

अंबादासनं दारातून हाक मारली आणि मी जेवणाचा डबा अर्धा टाकून उठले. मायक्रोस्कोपच्या खोलीत चपला घालून यायचं नाही, हा नियम माझा होता. भल्याभल्या प्रोफेसरांना मी त्या दारात अनवाणी उभं केलेलं आहे. आणि हा कालचा पोरगा मलाच सांगतोय, तशाच या! चपला मी काढल्याच, पण आत गेले ती तणतणतच.

"काय, आग लागलीय का कुठं?"

"बोलू नका ओ ताई. नुसतं बघा की."

पडद्यावर काळोख होता आणि त्या काळोखात शे-दीडशे लाल रेघा. सगळ्या एका दिशेनं पडलेल्या, ओढ्याच्या पाण्यात गवत पडतं तशा. आणि प्रत्येक रेघेच्या उजव्या अंगाला एक छोटंसं हिरवं टोक. एकीला नाही, दोघींना नाही, झाडून सगळ्यांना.

"हिरवं फक्त टोकाला लागलंय," मी म्हणाले.

"फक्त टोकाला!" अंबादास अक्षरशः खुर्चीवरून उठला. "तीन वर्षं ताई. तीन वर्षं मी हेच बघायला बसलो होतो."

मी शास्त्रज्ञ नव्हे. बी.एस्सी. करून या संस्थेत चिकटले ती यंत्र सांभाळणारी बाई. पण एकोणीस वर्षं अंधाऱ्या खोलीत पोरांच्या शेजारी बसून जे कळायचं ते कळतंच. अंबादासचं काम पॉलिमरवर होतं. पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांबलचक माळा. त्याच्या पॉलिमरची खुबी अशी, की पाण्यात सोडला की त्या माळा आपण होऊन एकमेकींना बिलगायच्या आणि धागा तयार व्हायचा. विणकर नको, माग नको. धागा इतका बारीक, की साध्या मायक्रोस्कोपला नुसता धूसर डाग दिसायचा. आमचं यंत्र एकेका रेणूला आळीपाळीनं चमकवायचं, हजारो फोटो काढायचं आणि ठिपक्याला ठिपका जोडून धागा उभा करायचं. अंबादासनं आधी लाल रंगाचे धागे बनवले, काचेवर त्यांचं एक टोक चिकटवलं, आणि मग हिरव्या रंगाचा नवा माल सोडला. प्रश्न एवढाच होता, की नवा माल धाग्याला कुठं जोडला जातो. वाटेल तिथं, की फक्त मोकळ्या टोकाला? टोकालाच जोडला जात असेल तर धागा हवा तेवढा, हवा तसा वाढवता येईल. औषध पोटात ठरल्या जागी पोचवण्यापर्यंत त्याचे उपयोग होते म्हणे. अंबादासची पीएच.डी. या एका उत्तरावर उभी होती.

"आता घरी फोन कर," मी म्हणाले. "आणि तोंड धू. रडतोयस तू."

"मी कुठं रडतोय?"

"मग काय एसीचं पाणी गळतंय?"

तो सोलापूरचा. पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे. वडील यंत्रमागावर कामाला. तो फोनवर "नाना, नाना" करत वडिलांना काहीतरी भराभरा सांगत होता, आणि पलीकडच्या माणसाला त्यातलं एक अक्षर कळत नसावं, कारण शेवटी तो मराठीत ओरडला, "अहो नाना, धागा! नुसता धागा लांब होतोय एवढं समजा!"

माझं लेकरू नव्हतं ते. पण माझ्या डब्यातली उरलेली पोळी मी त्यालाच दिली.

पुढं सगळं चटाचट झालं. त्याचा तो पॉलिमर बनवायला पाच महिने लागले होते आणि टिकला तो एकच आठवडा. त्या आठवड्यात त्यानं सोमवारपासून शनिवारपर्यंत जमतील तेवढे फोटो काढले. त्याच्या गाइड उकिडवे मॅडम म्हणाल्या, एवढ्यात पेपर होतो, थांबायचं कशाला. पेपर छापून आला. परदेशातून पत्रं आली. पोरगा जमिनीवर चालेना.

फेब्रुवारीत मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

उकिडवे मॅडम कडक, पण मनानं सरळ बाई. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. त्या तो काढायच्या नाहीत.

"जर्मनीहून पत्र आलंय," त्या म्हणाल्या. "त्यांनी आपल्याच रीतीनं पॉलिमर बनवला, आपल्यासारखाच प्रयोग केला. त्यांना टोक दिसत नाही. हिरवा रंग त्यांना अख्ख्या धाग्यावर दिसतो."

मॅडमनी पत्र आमच्यापुढं सरकवलं.

"भाषा सभ्य आहे. पण विचारलंय ते स्पष्ट. तुमच्या लाल आणि हिरव्या चित्रांची जुळणी तपासली होती का?" मॅडम माझ्याकडे वळल्या. "कुंदाताई, तुम्हाला विचारायचं म्हणजे मलाच कसंतरी वाटतंय. त्या सोमवारी मणी घेतले होते ना?"

मणी म्हणजे आमचा सोमवारचा नेम. प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म मणी, लाल उजेडातही चमकतात आणि हिरव्यातही. यंत्र दोन्ही रंगांची चित्रं वेगवेगळी काढतं आणि एकावर एक ठेवतं, खाली हिरवं आणि वर लाल; लाल असेल तिथलं हिरवं झाकलं जातं. आतला आरसा केसभर, केसभर कसला, केसाच्या पाचशेव्या हिश्श्यानं हलला, तरी हिरवं चित्र लालाखालून सरकून कडेला डोकावतं. म्हणून दर सोमवारी सकाळी पाऊण तास आधी मणी बघायचे, दोन्ही रंग एका जागी आणायचे, ती फाईल आठवडाभर वापरायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. माझी सही झाल्याशिवाय त्या यंत्राला हात लावायची कुणाची टाप नव्हती. नवीन पोरं एकमेकांना विचारायची, "मणी झाले का?" म्हणजे सुरू करू का.

"घेतले होते की," मी म्हणाले. "रजिस्टरला सही आहे माझी."

नव्हते घेतले.

त्या सोमवारी कॉन्ट्रॅक्टच्या कामासाठी मला ऑफिसात नऊला बोलावलं होतं. दरवर्षी अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, दरवर्षी तीच विनवणी. तिथून सुटले तर साडेदहा वाजलेले. अंबादास त्याची काच घेऊन दारात ताटकळत उभा. आदल्या शनिवारी कंपनीचा माणूस येऊन आरसा साफ करून गेला होता, हे मला ठाऊक होतं. मनात आलंही. पण म्हटलं, मागच्या आठवड्याचीच फाईल लावू, एका आठवड्यानं काय आभाळ कोसळतंय! फाईल लावली, सही ठोकली आणि म्हणाले, "झाले मणी, बस."

मग मॅडमच्या समोर खोटं का बोलले? लोकांना सांगायला माझ्याकडे कारण आहे. नवऱ्याची भोसरीची कंपनी बंद पडलेली, मुलगी बारावीला, घर माझ्या पगारावर. सगळं खरं. पण ती कारणं मला जिन्यात सुचली. केबिनमध्ये त्या क्षणाला आडवं आलं ते माझं नाक. एकोणीस वर्षांत कुणी माझ्या सहीवर बोट ठेवलं नव्हतं. "घेतले होते की," हे तोंडातून निघून गेलं आणि तोंडातून गेलेलं परत गिळायची मला सवय नव्हती.

"मग ती फाईल कुठे आहे?" मॅडमनी लॅपटॉप फिरवला. "त्या सोमवारची मण्यांची फाईल फोल्डरमध्ये नाही. चित्रांना लावलेली फाईल त्याच्या आधीच्या आठवड्याची आहे."

अंबादासनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, जरा वेळ. मी टेबलावरच्या चष्म्याकडे बघत बसले.

"माझ्याकडून पुसली गेली असंल मॅडम," तो म्हणाला.

"पुसली?"

"डिस्कवर जागा नव्हती. साफ करताना गेली असंल. मग चुकून जुनीच लागली."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "तू जा. कुंदाताई, तुम्हीही या."

जिन्यात मी त्याचा दंड धरला. "अरे, असं का बोललास तू?"

"मग काय बोलू? तुम्ही सांगून बसला होता की."

"तुला माहीत होतं?"

"परवाच कळलं." तो पायरीवर बसला. "जर्मनीचं पत्र मॅडमनी मला आधी दाखवलं होतं. म्हणून पुढच्या सोमवारच्या मण्यांची फाईल लावून बघितलं. हिरवं सगळं सरकून लालाखाली जाऊन बसलं, ताई. टोक बिक काय न्हाई. लालाखाली अख्खा धागा हिरवा. जर्मनीवाल्यांचं बरोबर आहे."

तीन वर्षं तो जे बघायला बसला होता, ते नव्हतंच. माझा आळस काचेवर पडला होता आणि त्याला तो शोध वाटला होता.

"माझ्याकडे का नाही आलास परवा?"

"आलो होतो. तुम्ही कुणावर तरी ओरडत होता, चपलांवरून. म्हटलं उद्या. आणि मग वाटलं, मॅडमनी विचारल्यावर तुम्हीच सांगाल."

मी परत वर जायला वळले. "चल, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते."

"आत्ता नको." त्यानं माझा हात धरून खाली बसवलं. "एकतीस मार्चला तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. आत्ता बोललात तर ते परत देणार न्हाईत. माझं काय, मॅडम चिडतील, पेपर मागं घेतील, सहा महिने परत पॉलिमर करायचा. विद्यार्थ्याची चूक माफ असती. तुम्हाला या वयात दुसरीकडं कोण घेणार, सांगा?"

"या वयात म्हणजे? म्हातारी झाले का मी?"

तो हसला. मीही हसले, निर्लज्जासारखी. आणि ऐकलं त्याचं.

चुकलो ते आम्ही दोघंही इथं. सही करताना हयगय झाली तर ती हयगय. पण मूळ फाईल पुसली, असं एकदा म्हटलं की आमच्या जगात ती चूक राहत नाही. चोरानं पावलांचे ठसे पुसावेत तसं ते दिसतं. मॅडमनी वर कळवलं, कळवणं भागच होतं. बाहेरचे तीन लोक चौकशीला आले. त्यांनी अंबादासला दोन दिवस बसवलं. कोणती फाईल, कधी पुसली, कुणाला विचारून पुसली, तेवढीच नेमकी कशी पुसली? जी फाईल जन्मालाच आली नव्हती, ती कधी पुसली हे बिचारा काय सांगणार? एकदा दुपार म्हणाला, एकदा सकाळ म्हणाला. त्यांनी मलाही बोलावलं, पाच मिनिटं. रजिस्टर पुढं ठेवलं आणि विचारलं, ही सही तुमची? मी हो म्हणाले. सही तर माझीच होती.

वीस मार्चला निकाल लागला. अंबादासचं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन रद्द.

पाच वाजता मी खोलीला कुलूप लावत होते, तेव्हा अंबादास आला. चपला बाहेर काढून आला, कुलूप लागत असतानासुद्धा.

"ताई, आता सांगाल का?"

एवढंच. आमच्या सगळ्या ओळखीत त्यानं माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. आवाजही चढवला नाही, कसली आठवण करून दिली नाही.

"उद्या सकाळी," मी म्हणाले. "पहिलं काम तेच. तू निर्धास्त राहा."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मला रडू आलं. घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर, आपण भागवू." म्हणजे घरच्यांनीही अडवलं नाही मला. कुणीच अडवलं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय.

सकाळी साडेनऊला मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. वाक्य पाठ केलं होतं: मॅडम, मणी मी घेतलेच नव्हते. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. वळल्या तर डोळे सुजलेले.

"बसा कुंदाताई. माझ्या हातून आजवर एक विद्यार्थी वाया गेला नव्हता. याच्यावर तर माझा जीव होता." त्यांनी नाक पुसलं. "तुमचं रजिस्टर होतं म्हणून निदान कळलं तरी, कुठं बिघडलं ते. नाहीतर सगळी लॅब गोत्यात आली असती. मी कालच ऑफिसला लिहिलंय. तुम्हाला दरवर्षी दारात उभं करतात ते बास. तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्या म्हटलंय."

"मॅडम, एक सांगायचं होतं..."

"बोला ना."

त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, तशी नजर माझ्या वाट्याला जन्मात फार वेळा आलेली नाही. माझ्याच कानांनी मी ऐकलं ते असं:

"एसीवाल्याला बोलवायला हवं. खोलीत गरम होतंय."

"बोलवा की. विचारताय काय!"

बाहेर आले तर अंबादास कॉरिडॉरच्या टोकाला उभा. मला बघून दोन पावलं पुढं आला. मी मान खाली घातली आणि उलट्या बाजूच्या जिन्यानं उतरले. त्यानं हाक मारली नाही.

त्याला आता बारा वर्षं झाली. मी काय ती जन्माची खोटारडी बाई नव्हे. भाजीवाल्यानं एक लिंबू जास्त टाकलं तर परत देणारी मी. म्हणून वाटतं, कुणीतरी मला नीट समजावून सांगावं की त्या केबिनमध्ये मी ते का बोलले. मला आजतागायत उमगलेलं नाही. उद्या, परवा, मॅडम एकट्या असताना, कॉन्ट्रॅक्टचा कागद हातात आल्यावर, असं मी स्वतःला चार दिवस झुलवत राहिले. पाचव्या दिवशी शनिवार होता, आणि अंबादासचे वडील त्याला न्यायला आले.

मला वाटलं होतं, माणूस थोराड असेल. बारकासा होता. पांढरा सदरा, पांढरी टोपी, कानात बहुतेक मागाचा खडखडाट कायमचा बसलेला, कारण बोलताना कान पुढं करायचा. हॉस्टेलच्या पायऱ्यांशी रिक्षा उभी होती. अंबादास वरून सामान आणत होता. मी कशाला गेले होते कोण जाणे. नसते गेले तर बरं झालं असतं.

"तुमी कुंदाताई ना?" म्हाताऱ्यानं वाकून नमस्कार केला, माझ्यासारखीला. "पोरगं लई सांगायचं तुमचं. ताई हाईत तितं, जेवलास का विचारत्यात, काळजी करू नका म्हनायचं."

"बसा ना, बाबा. चहा घेऊ."

"नगं. गाडी हाय." तो जरा घुटमळला. मग माझ्याजवळ सरकून हळू आवाजात म्हणाला, "बाई, एक इचारू? हितं कुनी आमाला सरळ सांगंना झालंय. इंग्रजीत कागद दिला हातात. डिगरी गेली तर जाऊ द्या. आमच्यात कुनाला हाय डिगरी? पन ते कागद वाचणारा एकजन म्हनला, तुमच्या पोरानं फसवलंय. घरात त्याची आई चार दिस जेवली न्हाई. तुमी रोज त्याच्या शेजारी बसत होता. माझ्या पोरानं लबाडी केली का वो?"

"नाही!" मी केवढ्यानं ओरडले. "नाही हो, बाबा. लबाडी नाही. माझ्या मुलीची शपथ घेऊन सांगते. सोन्यासारखं पोर आहे तुमचं. चूक झाली. नुसती चूक."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं मान हलवली, कान पुढं केला.

"चूक. कुनाची चूक?"

अंबादास वळकटी खांद्यावर घेऊन शेवटच्या पायरीवर येऊन थांबला होता. त्यानं ऐकलं होतं. तो आमच्याकडेच बघत होता. तिथं मॅडम नव्हत्या, कमिटी नव्हती, ऑफिसातलं कुणी नव्हतं. जगात कुणाला काही कळणार नव्हतं. फक्त एका बापाला सांगायचं होतं.

"त्याचीच," मी म्हणाले.

अंबादासनं वळकटी रिक्षात टाकली. त्याच्या वडलांनी माझ्यासमोर पुन्हा हात जोडले.

"बरं झालं बाई," ते म्हणाले. "तुमी तरी खरं सांगितलं."